भाजल्यावर उठणारा वण आणि नुस्त्याचे पथ्य

आमच्या अंत्रूज महालात, म्हणजे गोव्यातल्या फोंड्याच्या भागात, एखाद्याच्या भाजलेल्या जखमेचा वण उंचावून लालसर आणि टणक झाला, तर त्याची कारणे शोधत बसण्याची कोणाला गरज वाटत नाही, कारण ती आधीच ठरलेली असतात. पथ्य पाळले नसेल, नुस्ते म्हणजे मासे खाल्ले असतील, खाजवले असेल, आणि यांपैकी काहीच लागू पडले नाही तर ‘त्याचे रक्तच तसले’ हे उत्तर तयार असते. ज्याच्या अंगावर तो वण आहे त्यालाच या सगळ्याचा जाब द्यावा लागतो. उच्च माध्यमिक विद्यालयात बरीच वर्षे जीवशास्त्र शिकवूनही मी या समजुतींकडे कधी गंभीरपणे पाहिले नव्हते. घरातच तशी वेळ आली तेव्हा वाचायला बसलो, आणि वाचता वाचता लक्षात आले की घरगुती निदानातील शेवटचा मुद्दा, म्हणजे रक्ताचा, अगदीच टाकाऊ नाही. पहिला, म्हणजे नुस्त्याचा, मात्र नुसता चुकीचाच नव्हे तर अपायकारक आहे.

प्रसंग थोडक्यात सांगतो. चतुर्थीच्या तयारीत नेवऱ्या तळताना कढई कलंडली आणि माझ्या बहिणीच्या दोन्ही मुलींच्या अंगावर तेल उडाले. मोठी तेव्हा नुकती वयात येत होती. तिचा खांदा आणि छातीचा वरचा भाग भाजला. धाकटी बरीच लहान; तिच्या हाताच्या पुढच्या भागावर तेल पडले. वर्षभराने पाहिले तर धाकटीच्या हातावर फिकट, सपाट डाग तेवढा राहिला होता आणि मोठीच्या खांद्यावर दोरखंडासारखा उंच, तांबूस, सतत खाजणारा वण तयार झाला होता. एकाच आईबापांच्या मुली, एकच कढई, एकच तेल, आणि परिणाम इतका वेगळा. घरच्यांनी त्याचा अर्थ असा लावला की धाकटीने पथ्य पाळले आणि मोठीने पाळले नाही. शास्त्राच्या दृष्टीने हा काही नेटका प्रयोग नव्हे, कारण जागा वेगळी, जखमेची खोली वेगळी आणि वयही वेगळे. पण पुढे जे मुद्दे येणार आहेत ते जवळजवळ सगळेच या दोघींमधल्या फरकात दडलेले आहेत.

आधी वणांचे दोन प्रकार वेगळे करायला हवेत, कारण बोलताना आपण त्यांची सर्रास गल्लत करतो. पहिला हायपरट्रॉफिक वण. तो जखम भरल्यानंतर काही आठवड्यांत किंवा पहिल्या काही महिन्यांत वर येऊ लागतो, कितीही उंच झाला तरी मूळ जखमेची सीमा ओलांडत नाही, आणि वर्ष-दोन वर्षांत किंवा त्याहून थोड्या अधिक काळात बहुधा मऊ आणि काहीसा सपाट होतो. दुसरा केलॉइड. तो कधी कधी जखम भरून बराच काळ लोटल्यावर उगवतो, मूळ जखमेच्या बाहेरच्या निरोगी त्वचेवर पसरतो, आपणहून क्वचितच ओसरतो, आणि नुसता कापून काढला तर पुष्कळदा पुन्हा, कधी आधीपेक्षा मोठा होऊन, येतो. कान टोचल्यावर पाळीवर सुपारीएवढी गाठ आलेली एखादी व्यक्ती बहुतेकांच्या पाहण्यात असते, तो केलॉइड. भाजल्यानंतर जे उंच वण होतात त्यांतील बहुसंख्य हायपरट्रॉफिक असतात. हे दोन प्रकार मुळात भिन्न आहेत की एकाच प्रक्रियेच्या दोन पायऱ्या आहेत, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, आणि काही वण पाहताना दोहोंची लक्षणे एकत्र दिसतात हेही खरे. तरीही उपचार ठरवताना हा फरक मोलाचा असतो, कारण हायपरट्रॉफिक वणाच्या बाबतीत काळ आपल्या बाजूने असतो आणि केलॉइडच्या बाबतीत तो नसतो.

जनुकांकडे वळण्यापूर्वी, जे घटक त्यांच्याइतकेच किंवा त्यांच्याहून अधिक बलवान आहेत त्यांचे माप त्यांच्या पदरात घालणे न्यायाचे होईल. १९८३ साली एडविन डाइच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या शंभर रुग्णांच्या, मुलांच्या आणि प्रौढांच्या, जखमा किती दिवसांत भरल्या आणि पुढे त्यांचे काय झाले याची नोंद ठेवली. दोन आठवड्यांच्या आत भरलेल्या जखमांत उंच वण क्वचितच झाले; १४ ते २१ दिवसांत भरलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश जागी झाले; आणि २१ दिवसांनंतर भरलेल्यांपैकी ७८ टक्के जागी झाले. पुढील काळातील निरनिराळ्या पाहण्यांत भाजलेल्या रुग्णांमध्ये हायपरट्रॉफिक वणाचे प्रमाण ३२ ते ७२ टक्के इतके दूरदूरचे आले आहे, पण जखम जितकी खोल आणि भरण्याचा काळ जितका लांब तितका वणाचा धोका अधिक, हे सूत्र मात्र टिकून राहिले. तीन आठवड्यांत भरणार नाही असे दिसणारी जखम लवकर छाटून तिच्यावर त्वचारोपण करावे, असे शल्यचिकित्सक म्हणतात त्यामागे हेच कारण आहे. मोठीची खांद्यावरची जखम भरायला महिन्याच्या वर लागला होता. कोणत्याही जनुकाचे नाव घेण्याआधीच तिच्या वणाचे अर्धेअधिक भाकीत या एका गोष्टीवरून करता आले असते.

दुसरा घटक जागेचा. छातीचे मधले हाड, खांदा, दंडाचा वरचा भाग, पाठीचा वरचा भाग, कानाची पाळी या केलॉइडच्या आवडत्या जागा आहेत, तर तळहात, तळपाय आणि पापण्या येथे तो अत्यंत दुर्मीळ. यापैकी बऱ्याच गोष्टींचा उलगडा त्वचेवरील ताणातून होतो. खांद्याची आणि छातीची त्वचा प्रत्येक हालचालीबरोबर, अगदी श्वासाबरोबरही, ओढली जाते. पापणीची त्वचा सैल असते, तिच्यावर ताण जवळजवळ नसतोच. जपानमधील निप्पॉन मेडिकल स्कूलचे रेई ओगावा यांनी हा ताणाचा मुद्दा सातत्याने मांडला आहे. शिरगावच्या लईराईच्या जत्रेत होमकुंडातून चालणाऱ्या धोंडांचा, म्हणजे देवीच्या व्रतस्थ भक्तांचा, विषय अशा चर्चेत हटकून निघतो म्हणून एवढेच नमूद करतो की तळपायाच्या जाड, घट्ट बसलेल्या त्वचेवर केलॉइड सहसा कोणालाच होत नाही, मग तो भाविक असो वा नसो. श्रद्धेच्या प्रश्नात मला येथे शिरायचे नाही.

आता प्रतिकारयंत्रणेकडे येतो, कारण माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा तेथेच आहे. जखम भरणे हे त्वचेचे काम आहे असे आपल्याला वाटते, परंतु त्या कामाची सूत्रे बऱ्याच अंशी रक्तातील पांढऱ्या पेशींच्या हाती असतात. भाजल्यानंतर पहिल्या काही तासांत न्यूट्रोफिल पेशी त्या जागी धावतात, पाठोपाठ मॅक्रोफेज येतात. मॅक्रोफेज मेलेल्या पेशी आणि जंतू खाऊन टाकतात, आणि पुढे स्वतःची भूमिका बदलून दुरुस्तीचे आदेश देणारी रसायने सोडू लागतात. त्या रसायनांतील सर्वांत प्रभावी म्हणजे टीजीएफ-बीटा. त्याच्या प्रभावाने त्वचेतील फायब्रोब्लास्ट पेशी वाढतात, कोलॅजन या त्वचेला बळकटी देणाऱ्या प्रथिनाचे धागे विणू लागतात, आणि त्यांच्यातील काही पेशी मायोफायब्रोब्लास्ट बनतात. या मायोफायब्रोब्लास्टमध्ये स्नायूप्रमाणे आकुंचन पावण्याची क्षमता असते आणि त्या जखमेच्या कडा एकमेकींकडे ओढतात. सर्वसाधारण जखमेत हे काम संपले की या पेशी आपणहून मरतात आणि पुढचे कित्येक महिने कोलॅजनची फेररचना शांतपणे चालू राहते. उंच वणात त्या मरत नाहीत किंवा फार उशिरा मरतात. कोलॅजन तयार होण्याचा वेग ते मोडून काढण्याच्या वेगापेक्षा जास्त राहतो, आणि आकुंचनही थांबत नाही. सांध्यावर असा वण असला की मान खाली ओढली जाते किंवा कोपर सरळ होत नाही, ते याच आकुंचनामुळे.

हे काम थांबत का नाही, याचे उत्तर दाहाच्या, म्हणजे लाली आणि सूज आणणाऱ्या प्रतिकारप्रक्रियेच्या, लांबलेल्या मुक्कामात आहे. मोठ्या भाजण्यात दाह त्या जागेपुरता राहत नाही, साऱ्या शरीरभर पसरतो आणि आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन् महिने टिकतो. टी पेशींच्या मदतनीस गटात ढोबळमानाने दोन बाजू मानल्या जातात. टीएच-१ बाजूच्या पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडतात, जे कोलॅजनच्या निर्मितीला आवर घालते. टीएच-२ बाजूच्या पेशी इंटरल्युकिन-४ आणि इंटरल्युकिन-१३ सोडतात, ज्यांच्यामुळे तंतुमय ऊतक वाढते. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात एडवर्ड ट्रेजेट यांच्या गटाने भाजलेल्या आणि उंच वण झालेल्या रुग्णांच्या रक्ताचा अभ्यास केला तेव्हा तराजू टीएच-२ बाजूला झुकलेला आढळला. त्याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली: फायब्रोसाइट नावाच्या, रक्तातून फिरत जखमेपर्यंत येऊन पोहोचणाऱ्या आणि तेथे कोलॅजन बनवू शकणाऱ्या पेशींचे प्रमाण भाजलेल्या रुग्णांत वाढलेले असते. या पेशींचे पहिले वर्णन १९९४ सालचे. म्हणजे वण बांधणारे गवंडी सगळे स्थानिक नसतात, काही बाहेरगावाहून आलेले असतात, आणि त्यांना बोलावण्याचे काम प्रतिकारयंत्रणा करते.

खाजेचा संबंधही येथेच येतो. उंच वणात मास्ट नावाच्या प्रतिकारपेशी मोठ्या संख्येने असतात, त्या खाज आणणारे हिस्टामिन सोडतात, आणि तेथील चेतातंतूंतून झिरपणारी रसायने या पेशींना आणखी चेतवतात. भाजलेल्या रुग्णांपैकी फार मोठ्या भागाला खाजेचा त्रास होतो आणि रात्री तो अधिक जाणवतो. ‘खाजवले म्हणून वण वाढला’ या वाक्यात कार्य आणि कारण यांची बरीचशी उलटापालट झालेली आहे: वण आतून धगधगतो आहे म्हणून तो खाजतो. खाजवल्याने वरची नाजूक त्वचा सोलली जाते आणि दाहाला नवे निमित्त मिळते, हे मान्य; पण त्याचा उपाय म्हणजे त्वचा ओलसर ठेवणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने खाजेवरची औषधे घेणे. झोपेत खाजवणाऱ्या मुलीला रागावणे हा काही उपाय नव्हे. खोबरेल किंवा आमच्याकडचे भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचे तेल, पूर्ण भरलेल्या वणावर चोळून त्वचा मऊ राहत असेल तर त्याला माझी हरकत नाही. वण वितळवण्याची शक्ती मात्र त्यांच्यात नाही.

प्रतिकारयंत्रणेचे महत्त्व पटवणारी दोन उदाहरणे मला फार बोलकी वाटतात. पहिले गर्भाचे. सुमारे २४ आठवड्यांपूर्वीच्या मानवी गर्भाच्या त्वचेला जखम झाली तर ती वणाशिवाय भरून येते, आणि त्या वयात दाहाची प्रक्रिया अगदी क्षीण असते. दुसरे आपल्या तोंडातले. गरम पेज घाईने प्यायल्यावर टाळू भाजण्याचा अनुभव प्रत्येक गोंयकाराला आहे, पण टाळूवर वण घेऊन फिरणारा माणूस कोणी पाहिला आहे का? तोंडातील आवरणात दाह अल्पकाळ टिकतो, जखम झपाट्याने भरते, आणि वण जवळजवळ राहत नाही. ज्याच्या खांद्यावर केलॉइड आहे त्याच्याही तोंडात बहुधा हेच घडते. दोन्ही ठिकाणची जनुके तीच, तरी परिणाम निराळा. याचा अर्थ जनुके प्रवृत्ती देतात आणि तिला वाव देणे न देणे स्थानिक परिस्थितीवर अवलंबून असते.

हे ज्ञान औषधात उतरवणे मात्र सोपे ठरलेले नाही. टीजीएफ-बीटाच्या तीन प्रकारांपैकी पहिले दोन वण वाढवतात आणि तिसरा तो कमी करतो, या निरीक्षणावरून ब्रिटनमधील रेनोव्हो कंपनीने अ‍ॅव्होटर्मिन नावाचे औषध तयार केले. सुरुवातीच्या चाचण्यांनी मोठ्या आशा निर्माण केल्या, आणि २०११ साली तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत ते अपयशी ठरले. इंटरफेरॉनची इंजेक्शनेही देऊन पाहिली गेली, पण ती रोजच्या उपचारात रुळली नाहीत. मला यात नवल वाटत नाही. डझनावारी संदेशवाहक रसायने एकमेकांना पूरक आणि मारक ठरत जे काम करतात ते एकाच रसायनाचे माप बदलून वळवता येईल, ही अपेक्षाच जरा भाबडी होती.

आता ‘रक्ता’चा, म्हणजे आनुवंशिकतेचा मुद्दा. केलॉइड काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या आढळतो, आणि अशा घराण्यांच्या वंशावळींत तो बऱ्याचदा प्रभावी गुणासारखा, पण प्रत्येक वाहकात प्रकट न होणारा, असा उतरताना दिसतो. आफ्रिकी आणि आशियाई वंशाच्या लोकांत त्याचे प्रमाण गोऱ्या युरोपीयांपेक्षा अधिक आहे. २०१० साली जपानी संशोधकांनी केलॉइड असलेल्या आणि नसलेल्या हजारो लोकांच्या संपूर्ण जनुकसंचाची तुलना केली आणि पहिल्या, तिसऱ्या व पंधराव्या गुणसूत्रांवरील तीन प्रदेशांचा केलॉइडशी संबंध दाखवला. पंधराव्या गुणसूत्रावरील प्रदेशात ‘एनईडीडी-४’ हे जनुक आहे. पेशीतील कोणती प्रथिने मोडीत काढायची यावर शिक्का मारणारे विकर ते बनवते, आणि त्याचे एक विशिष्ट रूप दाहाचा मुख्य आंतरिक कळ-संच, म्हणजे एनएफ-कप्पा-बी, चालू करते असे नंतर दिसून आले. चिनी हान लोकांतही या जनुकाचा संबंध पुन्हा आढळला. दुसरीकडे उत्तर युरोपीय वंशाच्या रुग्णांत ‘एचएलए-डीआरबी-१’ या जनुकाच्या १५ क्रमांकाच्या रूपाचा केलॉइडशी संबंध नोंदवला गेला. एचएलए ही प्रतिकारयंत्रणेची ओळखपत्रे. शरीरातील कोणता तुकडा टी पेशींसमोर कसा मांडला जाईल हे ती ठरवतात. म्हणजे आनुवंशिकतेचा माग काढत गेलो तरी वाट पुन्हा प्रतिकारयंत्रणेच्याच दाराशी येते.

परंतु केलॉइडची जनुके तीच भाजण्याच्या वणाची जनुके, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. भाजलेल्या रुग्णांवर स्वतंत्रपणे असे काम थोडेच झाले आहे, आणि त्यातील महत्त्वाचे काम अमेरिकेतील सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले. तेथील गटाने २०१५ साली पाचशेहून अधिक भाजलेल्या रुग्णांच्या जनुकसंचाचा शोध घेतला, तेव्हा आठव्या गुणसूत्रावरील ‘सीएसएमडी-१’ या जनुकातील एक फरक सौम्य वणाशी निगडित आढळला. तो फरक असलेल्यांचे वण तुलनेने कमी गंभीर होते. हे जनुक ज्या प्रथिनाची माहिती बाळगते ते कॉम्प्लिमेंट या रक्तातील प्राचीन संरक्षक साखळीला लगाम घालणाऱ्या प्रथिनांपैकी आहे. त्याच वर्षी त्याच गटाने ‘एमसी-१-आर’ या ग्राहकाच्या, म्हणजे पेशीवर बसून रासायनिक संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनाच्या, जनुकातील एका बदलाचा उंच वणाशी संबंध प्रसिद्ध केला. हा ग्राहक आपल्याला त्वचेच्या आणि केसांच्या रंगासाठी ठाऊक आहे, पण तो फायब्रोब्लास्ट आणि प्रतिकारपेशींवरही असतो आणि तेथे दाह शमवण्याचे काम करतो. सावळ्या त्वचेत उंच वण अधिक का होतात या जुन्या प्रश्नाला त्यामुळे एक नवी दिशा मिळते: रंग स्वतः दोषी नसून रंग ठरवणारी काही यंत्रणाच दाहाच्या नियंत्रणातही गुंतलेली असू शकते. ‘असू शकते’ हे क्रियापद मी जाणीवपूर्वक वापरतो, कारण संबंध आढळणे आणि कारण सिद्ध होणे यांत अंतर असते.

या अभ्यासांबद्दल माझे दोन आक्षेप आहेत. एक म्हणजे वणाची तीव्रता बहुधा १९९० साली मांडल्या गेलेल्या व्हँकुव्हर मापनश्रेणीने मोजली जाते. तिच्यात वणाची लाली, रंगातील फरक, लवचीकता आणि उंची यांना गुण दिले जातात. सावळ्या त्वचेवरची लाली गोऱ्या त्वचेइतकी सहज दिसत नाही आणि रंगातील फरक मात्र ठळक दिसतो. मग निरनिराळ्या वर्णांच्या लोकांचे गुण एकाच पट्टीने मोजले गेले असे म्हणता येईल का? दुसरा आक्षेप असा की वर सांगितलेले निष्कर्ष जपानी, चिनी, युरोपीय आणि अमेरिकन लोकांवरून काढलेले आहेत. आमच्या गोव्यातल्यासारख्या, लग्नसंबंध पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक ज्ञातींच्या आत राखणाऱ्या समाजांना ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. येथे कोणता फरक किती प्रमाणात आढळतो, हे येथील लोकांच्या नमुन्यांवरूनच कळणार. पणजीत १८४२ साली सुरू झालेल्या वैद्यकीय विद्यालयाचा वारसा सांगणारे महाविद्यालय बांबोळीला आहे आणि मोठ्या प्रमाणात भाजलेले रुग्ण गोवाभरातून तेथे पोहोचतात; अशा पाहणीला याहून सोयीची जागा राज्यात दुसरी नाही.

जनुकांचा प्रभाव किती असू शकतो याचा एक दाखला प्राण्यांतला आहे. लाल ड्युरॉक जातीच्या डुकराला खोल जखम केली तर माणसाच्या उंच वणाशी बरेचसे जुळणारे जाड वण होतात, तर यॉर्कशर जातीच्या डुकराला तसे होत नाहीत. प्राणी तोच, जखम तीच, खाणेही तेच. वेगळी आहे ती फक्त जात. या डुकरांना कोणी बांगडा खाऊ घातला नव्हता.

आणि येथे मला नुस्त्यावर थांबायचे आहे. मोठी भाजली तेव्हा आईने, म्हणजे मुलींच्या आजीने, ‘जखम चिघळेल’ म्हणून नुस्ते, अंडी आणि वांगी कित्येक आठवडे बंद केली, आणि मोठीला पेज, लोणचे आणि थोडी भाजी यांवर ठेवले. आईच्या मायेबद्दल शंका नाही. तिच्याही आजीने तिला हेच शिकवले होते. परंतु भाजलेल्या शरीराचा चयापचय कमालीचा वाढलेला असतो, जखमेतून प्रथिने वाहून जातात आणि नवी त्वचा बांधायला प्रथिनेच लागतात. मोठ्या भाजण्यात प्रौढ रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे रोज दीड ते दोन ग्रॅम प्रथिने द्यावीत असा आहारतज्ज्ञांचा दंडक आहे, म्हणजे निरोगी माणसाच्या गरजेच्या जवळजवळ दुप्पट. आणि मुलांना त्याहूनही अधिक लागू शकतात. आमच्यासारख्या घरात प्रथिनांचा मुख्य पुरवठा नुस्त्यातून होतो. ते बंद केले की जखम भरायला उशीर होतो, आणि उशीर झाला की काय होते ते डाइच यांच्या आकड्यांत आपण पाहिले. ज्या माणसाला माशांची अ‍ॅलर्जीच आहे त्याची गोष्ट वेगळी. बाकीच्यांना बांगडा, तारली, मोरी, डाळ, अंडे यांतले जे रुचेल आणि परवडेल ते पोटभर द्यावे.

उपचारांविषयी मी डॉक्टर नसल्याने मोजकेच लिहितो. भाजल्याबरोबर, आणि उशीर झाला तरी तीन तासांच्या आत, त्या जागेवर २० मिनिटे नळाचे वाहते साधे पाणी सोडणे हा सर्वांत स्वस्त आणि जखमेची खोली कमी करू शकणारा उपाय आहे. टूथपेस्ट, शाई, हळद आणि बर्फ यांना येथे जागा नाही. वण वर येऊ लागल्यावर सिलिकॉनची जेल किंवा पट्टी, घट्ट बसणारे दाबाचे कपडे, ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची वणात काही आठवड्यांच्या अंतराने दिली जाणारी इंजेक्शने, फिजिओथेरपी आणि हल्ली फ्रॅक्शनल लेझर असे उपाय केले जातात. स्टेरॉइडचा उपयोग होतो तो ते दाह दाबते आणि फायब्रोब्लास्टचे काम मंदावते म्हणूनच. दाबाचे कपडे दिवसातले २३ तास, महिनोन् महिने घालायचे असतात, आणि त्यांचा फायदा मध्यम ते तीव्र वणांत दिसत असला तरी तो मर्यादित आहे. हा नियम वैशाखातल्या गोव्यात पाळणे म्हणजे काय असते हे ज्याने पाहिले नाही त्याने ‘पेशंट सहकार्य करत नाही’ असा शेरा मारू नये. आमच्या मुलीने कपड्यांचे दोन जोड आलटून पालटून धुऊन वापरले, दुपारच्या वेळी डॉक्टरांना विचारून थोडी सूट घेतली, आणि सिलिकॉनच्या पट्टीखाली घामोळे येऊ लागल्यावर पट्टीऐवजी जेल वापरली. वण आता पुष्कळ मऊ झाला आहे. त्यातले श्रेय उपचाराचे किती आणि काळाचे किती, हे तिच्या एकटीच्या खांद्यावरून ठरवता येणार नाही.

जुन्या वणाबाबत एक इशारा द्यायला हवा, कारण आपल्याकडे भरलेल्या वणाकडे कोणी पुन्हा पाहत नाही. भाजल्याच्या अनेक वर्षांनंतर वणावर न भरणारा फोड किंवा व्रण झाला, त्यातून रक्त येऊ लागले किंवा कडा जाड झाल्या, तर त्याचा तुकडा काढून तपासावा लागतो, कारण अशा जागी त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. हा प्रकार दुर्मीळ आहे, पण मलमे लावत बसल्याने त्यात मौल्यवान महिने वाया जातात.

आनुवंशिक चाचणी करून घ्यावी का, असे बहिणीने मला विचारले होते, कारण धाकटीच्या पुढच्या आयुष्याची तिला चिंता होती. माझे उत्तर नाही असे होते. अनेक जनुकांतील छोट्या छोट्या फरकांच्या बेरजेतून जी प्रवृत्ती तयार होते तिचे भाकीत करणारी, निर्णय घेण्याजोगी विश्वसनीय चाचणी आज उपलब्ध नाही, आणि वर उल्लेखिलेला कोणताही फरक आढळला किंवा आढळला नाही तरी धाकटीच्या उपचारात काहीच बदलले नसते. त्यापेक्षा घराण्याची चौकशी अधिक उपयोगाची ठरली. विचारपूस करताना मुलींच्या वडिलांकडच्या एका आत्याच्या कानाच्या पाळीवर टोचल्यानंतर आलेली गाठ दोनदा कापूनही परत आल्याचे कळले. घरात ती ‘सोने सोसले नाही’ म्हणून सांगितली जात होती. ही माहिती आता दोन्ही मुलींच्या वैद्यकीय कागदपत्रांत लिहून ठेवली आहे, आणि पुढे कोणतीही शस्त्रक्रिया, लस घेतल्यावर दंडावर उठलेली गाठ, किंवा पाळीवर दुसरे छिद्र पाडण्याचा हट्ट यांपैकी काहीही समोर आले तर डॉक्टरांना ती आधी सांगायची, असे बहिणीने ठरवले आहे.